कंपायलरच्या बॅकएंडचं उरलेलं काम: आधी कशाला हात घालावा?

पाटकरी (४ ऑगस्ट, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आता पाणी गळ्याशी आलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

अंबडच्या एमआयडीसीत आमचं छोटंसं युनिट आहे. माणसं साडेतीन (अर्धे म्हणजे हिशोबाचे काका, ते जेवणाच्या सुट्टीनंतर सापडत नाहीत). द्राक्षबागांच्या ठिबकसाठी व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कंट्रोलर आम्ही बनवतो. त्यात बाजारातली चिप नाही. एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी ठरवता येते अशी चिप) बसवलेला आमचा स्वतःचा १६ बिटी प्रोसेसर आहे. का, ते विचारू नका. मालकांना तेव्हा हौस होती, आणि सोळा व्हॉल्व्ह, फ्लो मीटर, मोडेम असं सगळं एकाच चिपमध्ये मावतं हे कारण आजही खरं आहे.

आधी सगळं फर्मवेअर असेंब्लीत होतं. मग आमच्याकडच्या एका पोराने एकट्याने दोन वर्षं खपून एलएलव्हीएमचा (कंपायलर बनवायचा तयार सांगाडा) बॅकएंड लिहिला, म्हणजे सी कोडच्या शेवटी आमच्या प्रोसेसरच्या सूचना काढून देणारा भाग. मे महिन्यात तो बंगळुरूला गेला. भांडण वगैरे काही नाही, पगार तिप्पट. जाताना वही देऊन गेला. तिच्या शेवटच्या पानावर 'उरलेलं' असं लिहून खाली नऊ ओळी आहेत:

प्रिंटएफसारखी कितीही आर्ग्युमेंट घेणारी फंक्शनं. ३२ बिटी भागाकार. व्हेरिएबलइतकी शिफ्ट. इंटरप्ट फंक्शन. लांबच्या उड्या. इनलाइन असेंब्ली. डीबगची माहिती. स्ट्रक्चर परत करणं. आणि नववी ओळ नुसतीच: 'फ्लॅग??'

दोन प्रश्नचिन्हांसकट. त्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, काहीतरी खटकलं होतं, आता आठवत नाही."

प्रोसेसर असा: आठ रजिस्टर, त्यातलं एक स्टॅक पॉइंटर आणि एक फ्रेम पॉइंटर, म्हणजे वापरायला सहाच. गुणाकार आहे, भागाकार नाही. शिफ्ट एका वेळी एकच बिट. लोड-स्टोअरमध्ये ऑफसेट ० ते १५ शब्द, त्यापुढे गेलात तर पत्ता बेरीज करून काढायचा. कंडिशनल उडी मागे-पुढे साधारण १२८ शब्दांपर्यंत. बेरीज-वजाबाकी केली की फ्लॅग (उत्तर शून्य आलं का वगैरे सांगणाऱ्या खुणा, कंडिशनल उडी त्या बघूनच ठरते) बदलतात, लोड-स्टोअरने बदलत नाहीत.

मी मूळचा फर्मवेअरवाला. कंपायलर हा विषय कॉलेजात एका सेमिस्टरपुरता, तोही पार्सरपाशीच संपला. तर प्रश्न दोन. या नऊ ओळी कोणत्या क्रमाने घ्याव्यात? आणि एवढं करण्यात अर्थ आहे का, की सगळं गुंडाळून दुसरा प्रोसेसर घ्यावा?

खटपट्या (४ ऑगस्ट, रात्री ११.२६)

पहिला नंबर! आता वाचतो.

खटपट्या (४ ऑगस्ट, रात्री ११.४१)

वाचलं. काही कळलं नाही. जाणकारांच्या प्रतीक्षेत, शेंगदाणे घेऊन बसलोय.

द्वारकाजाम (५ ऑगस्ट, सकाळी ७.५०)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: गुंडाळा. त्याच एफपीजीएत रिस्क-५ चा (कोणालाही वापरता येणारी खुली प्रोसेसर-रचना) छोटा कोअर टाका. त्याचा एलएलव्हीएम बॅकएंड २०१९ पासून अधिकृत आहे, जीसीसी हा दुसरा कंपायलरही आहे, डीबगर आहे, सगळं आयतं. सोळाच रजिस्टरचा छोटा प्रकारसुद्धा आहे. तोही नको असेल तर सीएच३२व्ही००३ ही त्याच प्रकारची ४८ मेगाहर्ट्झची चिप बघा. १६ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, बाजारात आली तेव्हा किंमत सांगितली होती दहा सेंट. तुमच्या व्हॉल्व्हच्या एका नटबोल्टात येईल.

स्वतःचा प्रोसेसर म्हणजे घरी गाय पाळण्यासारखं आहे. दूध छान, पण गावाला जाता येत नाही.

आजोबा८०५१ (५ ऑगस्ट, सकाळी ९.०५)

आम्ही सातपूरला १९९० च्या आसपास ८०५१ वर मशीनचे कंट्रोलर लिहायचो. १२८ बाइट रॅम, ४ केबी रॉम. ईप्रॉम जाळायची, चुकली तर अल्ट्राव्हायोलेटच्या डब्यात वीस मिनिटं ठेवून पुसायची. त्या वीस मिनिटांत डोकं चालायचं. कंपायलर लागतोच कशाला? सोळा व्हॉल्व्ह तर आहेत. असेंब्ली लिहा.

पाटकरी (५ ऑगस्ट, सकाळी ९.४०)

आजोबा, असेंब्लीच्या तीन हजार ओळी अजून आहेत आमच्याकडे. त्या ज्यांनी लिहिल्या त्यांनाही आता वाचता येत नाहीत.

द्वारकाजाम, तुमचं म्हणणं पटतं, पण शेतात जवळपास तीनशे पेट्या लागलेल्या आहेत. पेरिफेरल सगळे याच प्रोसेसरच्या बसवर टांगलेत. नव्या पेटीत बदलू, जुन्यांचं काय?

सिन्नरची सून (५ ऑगस्ट, दुपारी २.२०)

पाटकरी दादा, मी बारा वर्षं कंपायलरवरच काम करते (कंपनी पुण्यातली, मी घरून, गंगापूर रोडला). जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या यादीतल्या नऊ गोष्टी एका जातीच्या नाहीत. काही अशा आहेत की त्या नसल्या तर कंपायलर 'हे मला निवडता येत नाही' म्हणून तुमच्या तोंडावर पडतो. तो पडला की आनंद माना. बिल्ड थांबली, शेतात काही गेलं नाही. दुसरी जात म्हणजे कंपायलर गुपचूप चुकीचा कोड देतो. तुमच्या यादीत इंटरप्ट आणि ती नववी ओळ या जातीच्या आहेत. लांबच्या उड्याही, असेंब्लर मर्यादा तपासत नसेल तर. त्या आधी.

आता एकेक.

स्ट्रक्चर परत करणं: हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. कॅन-लोअर-रिटर्न नावाचं एक फंक्शन असतं. परत करायची गोष्ट तुमच्या रजिस्टरांत मावत नसेल तर त्यातून 'नाही' असं उत्तर द्या. मग कॉल करणाऱ्याने जागा द्यायची आणि तिचा पत्ता छुपं आर्ग्युमेंट म्हणून पाठवायचा, हे एलएलव्हीएम आपलं आपण करतं.

प्रिंटएफ: कितीही आर्ग्युमेंटची फंक्शनं असतील तर ती सगळी आर्ग्युमेंट स्टॅकवरूनच द्यायची, रजिस्टरात एकही नाही, असा नियम करून टाका. मग नुसता एक पॉइंटर पुढे सरकवत जायचं. हुशारी करायला जाऊ नका.

शिफ्ट: एक बिटाचीच शिफ्ट असेल तर लूप लागणार. त्यासाठी एक खोटी सूचना (प्रोसेसरला नसलेली, फक्त कंपायलरपुरती) ठेवायची आणि निवड झाल्यावर तिच्या जागी छोटा लूप घालायचा. एमएसपी४३० या प्रोसेसरचा बॅकएंड एलएलव्हीएममध्येच आहे. तोही १६ बिटी, शिफ्टचं दुखणंही तेच. ती डिरेक्टरी उघडून शेजारी ठेवा. तुमच्या पोरानेही बहुधा तिथूनच सुरुवात केली असेल.

भागाकार: कंपायलर-आरटीमधल्या (एलएलव्हीएमचाच मदतनीस फंक्शनांचा संच) सी फाइली तुमच्याच कंपायलरने कंपाइल करा. पण आधी शिफ्ट. भागाकाराचं फंक्शन आतून शिफ्टच करत बसतं.

लांबच्या उड्या: ब्रँच रिलॅक्सेशनचा पास तयार आहे. त्याला दोन-तीन गोष्टी सांगायच्या: कोणती सूचना किती लांब, कोणती उडी कुठवर पोचते, आणि पोचली नाही तर काय करायचं. सूचनेची लांबी एका शब्दाने जरी कमी सांगितलीत तरी महिन्याभराने कुठेतरी फसाल.

आणि या सगळ्याच्या आधी एबीआय कागदावर लिहा. कोणती आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरात, कोणती रजिस्टर फंक्शनने जपायची, लाँग किती बिटांचा. तीन हजार ओळींची असेंब्ली त्यावर अवलंबून आहे. तो कागद नंतर बदलला की घरचं सगळं उपसावं लागतं.

शुद्धलेखक (५ ऑगस्ट, दुपारी ३.०२)

धागा उत्तम, परंतु बॅकएंडला मराठी शब्द का नको? 'परसदार' कसा वाटतो?

खटपट्या (५ ऑगस्ट, दुपारी ३.०९)

'कंपायलरच्या परसदारी उरलेलं काम' म्हटलं की भांडी घासायची आहेत असं वाटतं. (हलके घ्या.)

सिन्नरची सून (५ ऑगस्ट, दुपारी ३.१५)

फार चुकीचं वाटत नाहीये ते.

गोदाघाट (५ ऑगस्ट, रात्री ९.३०)

सहा रजिस्टर हे वाचून दुतोंड्या मारुतीची आठवण झाली. बाहेरगावच्यांसाठी: गोदावरीला पूर आला की नाशिकला कोणी मीटरबिटर बघत नाही, 'पाणी मारुतीच्या कुठवर आलं' एवढंच विचारतात. पायाशी, कमरेला, छातीला. छातीच्या वर गेलं की काठावरच्या दुकानांचा माल हलतो.

रजिस्टरचंही तसंच. एका वेळी किती किमती जिवंत आहेत ते पाणी. सहाच्या वर गेलं की सामान उचलून स्टॅकवर ठेवायचं, म्हणजे स्पिल. हे वाटप आलेखाला रंग देण्यासारखं आहे ही कल्पना आयबीएममध्ये १९८१ च्या सुमारास कंपायलरमध्ये उतरली. एलएलव्हीएम आज वेगळी पद्धत वापरतं, ग्रीडी म्हणतात तिला, २०११ पासून तीच. पण पाणी तेच.

पाटकरींना सल्ला: फ्रेम पॉइंटर खरंच लागतो का बघा. फंक्शनमध्ये स्टॅकचा आकार आधीच ठरलेला असेल तर नाही लागत. सहाची सात झाली तर फार फरक पडेल.

चुलीवरची (५ ऑगस्ट, रात्री ९.४४)

मारुतीचा विषय निघालाच आहे तर त्या बाजूला सकाळी सातला चांगली मिसळ कुठे मिळते? पापडासकट. गोड दह्याचं नाटक नको.

खटपट्या (५ ऑगस्ट, रात्री ९.५०)

यांचा बॅकएंड वेगळा.

द्वारकाजाम (५ ऑगस्ट, रात्री १०.०५)

सिन्नरताईंचा प्रतिसाद जबरदस्त, वाचनखूण साठवली. तरी माझा मुद्दा कायम. हे सगळं करून हातात काय येणार? जे दुसरीकडे फुकट मिळतं तेच. एव्हीआरचं बघा. आर्डुइनोमुळे लाखो लोक तो प्रोसेसर वापरतात, तरी त्याचा एलएलव्हीएम बॅकएंड अधिकृत व्हायला २०२० उजाडलं, ११ वी आवृत्ती. तिथे हात लावणारे जगभरचे लोक होते. इथे एक पाटकरी.

बागाईतदार (५ ऑगस्ट, रात्री ११.५५)

मी यातला नाही. दिंडोरीकडे चार एकर थॉमसन आहे. मुलाने हा धागा दाखवला. माझ्याकडे बहुतेक यांचीच पेटी आहे, कारण बारा नंबरचा व्हॉल्व्ह कधीकधी उघडतच नाही, आणि 'काहीतरी सॉफ्टवेअरचं आहे' एवढंच उत्तर मिळतं. रोज होत नाही. आठ व्हॉल्व्ह होते तोवर कधीच झालं नाही, चौदा केले तेव्हापासून.

ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आहे. छाटणी झाली, पेस्ट लावली की पाण्याची वेळ चुकून चालत नाही, डोळे मागेपुढे फुटतात. तोवर काय ते करा साहेब.

पाटकरी (६ ऑगस्ट, सकाळी ६.३०)

दादा, आमचीच आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. लाज वाटली वाचून, पण 'आठपर्यंत होत नव्हतं' हे आम्हाला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच दिशेने शोधतो.

शेंडीवाला (६ ऑगस्ट, सकाळी १०.१५)

व्हॉल्व्हच्या वेळांवरून आमची गंमत. आम्हीही १६ बिटी प्रोसेसरवर होतो. पंप दिवसातून एकदा चालायला हवा होता, तो दर ५ तास ४७ मिनिटं ४४ सेकंदांनी चालायचा. अगदी घड्याळ लावून. पंधरा दिवस कंपायलरला शिव्या घातल्या.

कोडात लिहिलं होतं चोवीस गुणिले साठ गुणिले साठ. उत्तर ८६४००. १६ बिटी इंटमध्ये ते मावत नाही, ६५५३६ गळून जातात, उरतात २०८६४ सेकंद. भागून बघा. कंपायलर पहिल्या दिवसापासून वॉर्निंग देत होता. 'कचरा फार येतो' म्हणून आमच्याच एका शहाण्याने वॉर्निंग बंद केल्या होत्या. तो शहाणा आता हे टंकतोय.

आजोबा८०५१ (६ ऑगस्ट, सकाळी ११.००)

म्हणून म्हणतो, असेंब्ली.

सिन्नरची सून (६ ऑगस्ट, दुपारी १.४०)

बागाईतदार काकांनी जे सांगितलं ते सोन्याच्या मोलाचं आहे. व्हॉल्व्ह वाढले म्हणजे फंक्शन मोठं झालं, लोकल व्हेरिएबल वाढली, स्टॅक फ्रेम १५ शब्दांच्या पलीकडे गेली. आणि पाटकरी दादांनीच लिहिलंय की १५ च्या पुढे पत्ता बेरीज करून काढावा लागतो, आणि बेरीज फ्लॅग बदलते.

मला नववी ओळ दिसायला लागलीय. ब्लॉकच्या शेवटी आधी तुलना असते, मग उडी. पुढच्या ब्लॉकसाठी एखादी किमत स्टॅकवरून आणायची असेल तर अलोकेटर (रजिस्टर वाटणारा भाग) ती आणण्याची सूचना उडीच्या अगदी आधी घालतो. म्हणजे तुलना आणि उडी यांच्या मधोमध. सहसा बिघडत नाही, कारण लोडने फ्लॅग हलत नाहीत. पण ऑफसेट १५ च्या वर असला की नंतर त्या लोडच्या जागी आधी बेरीज आणि मग लोड येतात. असं काहीतरी:

तुलना आर२, आर३
बेरीज आर४, फ्रेम, १९
लोड आर१, (आर४)
समान असेल तर उडी, पुढे

उडी आता आर२ आणि आर३ समान आहेत का ते बघत नाहीये. ती पत्ता शून्य आला का ते बघतेय. तो शून्य कधीच येत नाही.

कंपायलर जी असेंब्लीची फाइल देतो ती काढा आणि तुलना-उडी यांच्या मध्ये बेरीज कुठे आहे ते शोधा. सापडली तर कळवा.

पाटकरी (६ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१५)

सापडली. सहा ठिकाणी. त्यातली एक 'या व्हॉल्व्हची वेळ झाली का' या तुलनेच्या खाली आहे.

ताई, साष्टांग.

खटपट्या (६ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१८)

मला काही कळत नाही तरी अंगावर काटा आला.

गोदाघाट (६ ऑगस्ट, रात्री ८.००)

पण मग रोज का होत नाही?

सिन्नरची सून (६ ऑगस्ट, रात्री ८.२५)

माझा अंदाज: त्या फंक्शनात वेळ तपासायच्या दोन वाटा असणार. एक अगदी सेकंद जुळला तर, दुसरी वेळ उलटून गेली तर. दुसरी वाट बहुतेक वेळा सावरून घेते. दादा, बघून सांगा.

पाटकरी (६ ऑगस्ट, रात्री ९.०५)

अगदी तसंच. मोडेम त्या क्षणी बोलत असला तर दुसरी वाट चुकते. आता दुरुस्ती कशी करू? बेरजेच्या आधी फ्लॅग साठवून नंतर परत आणू?

सिन्नरची सून (६ ऑगस्ट, रात्री ९.३०)

साठवायला परत रजिस्टर लागेल, आणि पाणी आधीच छातीला आहे. त्यापेक्षा तुलना आणि उडी मिळून एकच खोटी सूचना करा आणि रजिस्टर वाटून झाल्यावर ती फोडा. मध्ये शिरायला फटच राहत नाही. तुलनेच्या उत्तरावर किमत निवडणाऱ्या ज्या सूचना आहेत त्यांचंही असंच करा, त्या विसरतात लोक.

ओझरचा वारा (७ ऑगस्ट, सकाळी ८.१०)

मी हार्डवेअरवाला. सगळा धागा वाचला आणि एक गोष्ट कोणीच म्हणालं नाही. प्रोसेसर तुमचा आहे ना? मग फ्लॅग न हलवणारी एक बेरीज त्यात टाका की! इंटेलच्या एक्स८६ मध्ये लीया नावाची सूचना हेच करते, पत्ता काढते आणि फ्लॅगला शिवत नाही. व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअर लिहायची भाषा) तुम्हाला एक मोकळा ऑपकोड आणि फ्लॅगच्या राइट-एनेबलवर एक अट एवढंच लागेल. एका दुपारचं काम. तुम्ही कंपायलरवाले हार्डवेअर म्हणजे आभाळातून पडलेलं समजता.

सिन्नरची सून (७ ऑगस्ट, सकाळी ९.००)

बारा वर्षांत मला कोणी प्रोसेसर बदलू दिला नाही हो, म्हणून सुचलंच नाही. सहमत. पण शेतातल्या तीनशे पेट्यांत जुनाच प्रोसेसर राहणार. म्हणजे दोन्ही करावं लागेल: जुन्यासाठी खोटी सूचना, आणि नवी बेरीज एका वेगळ्या फीचरच्या मागे, म्हणजे फक्त नव्या पेटीसाठी चालू करायची.

द्वारकाजाम (७ ऑगस्ट, सकाळी ९.३५)

आणि एफपीजीए बदलायलाच घेतलात तर रिस्क-५...

ओझरचा वारा (७ ऑगस्ट, सकाळी ९.४१)

बस का आता.

द्वारकाजाम (७ ऑगस्ट, सकाळी ९.५८)

नाही, खरंच विचारतो. कालची चूक आयत्या बॅकएंडमध्ये झाली नसती. रिस्क-५ मध्ये फ्लॅग नाहीतच, तुलना आणि उडी एकाच सूचनेत. म्हणजे तुम्ही आता खोटी सूचना करून जे मिळवताय ते तिथे खऱ्या सूचनेत आहे. टोमणा नाही हा.

सिन्नरची सून (७ ऑगस्ट, सकाळी १०.१०)

मुद्दा बरोबर आहे. नव्या पेटीसाठी मीही तेच म्हणेन. पण छाटणीच्या आधी नाही.

पवईचा पाहुणा (८ ऑगस्ट, रात्री १०.२०)

उशिरा आलो. जीसीसीच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. आयआयटी मुंबईत जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळा व्हायच्या, तिथे मी मशीन डिस्क्रिप्शन (बॅकएंडसाठी प्रोसेसरचं वर्णन) लिहायला शिकलो. फ्लॅगचं हे दुखणं तिथेही जुनंच आहे. जीसीसीत सीसी-झीरो नावाची जुनी पद्धत होती, तुलना आणि तिचा वापर एकमेकांना चिकटूनच राहणार असं गृहीत धरणारी. ती १२ व्या आवृत्तीत काढून टाकली. त्याआधी जुन्या बॅकएंडवाल्यांना एकतर नव्या पद्धतीने लिहा नाहीतर घरी जा, असंच सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न क्रमाचा नाही, चाचणीचा आहे. ही चूक शेतकऱ्याने शोधली. प्रोसेसरची नक्कल करणारा सिम्युलेटर आहे का? असेल तर जीसीसीचा टॉर्चर टेस्टचा संच चालवा. छोट्या छोट्या सी फाइली असतात, चुकलं तर अबॉर्ट. १६ बिटी इंटमुळे काही आपोआप गळतील, त्या बाजूला काढा. मग सीस्मिथ. यूटा विद्यापीठातलं, यादृच्छिक सी प्रोग्रॅम तयार करून शेवटी एक चेकसम छापतं. २०११ च्या त्यांच्या निबंधात निरनिराळ्या कंपायलरमधल्या तीनशेच्या वर चुका होत्या.

एक मेख आहे. उत्तर तुमच्या लॅपटॉपशी ताडून बघू नका, तिथे इंट ३२ बिटी. आपल्याच कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद आणि चालू अशी दोन उत्तरं एकमेकांशी ताडा. तिसरा साक्षीदार हवा तर एमएसपी४३० चं जीसीसी आणि जीडीबी या डीबगरमधला त्याचा सिम्युलेटर घ्या, तिथेही इंट १६ बिटीच. सिम्युलेटरमध्ये रॅम मात्र सढळ हाताने वाढवा, सीस्मिथचे प्रोग्रॅम तुमच्या पेटीत मावणार नाहीत.

शेंडीवाला (८ ऑगस्ट, रात्री १०.४०)

+१. आणि स्वतःचं मेमसेट (मेमरीत एकच बाइट भरत जाणारं फंक्शन) लिहिणार असाल तर जपून. आमच्या मेमसेटने आतून एका मदतनीस फंक्शनला हाक मारली. त्या फंक्शनात बाइट भरणारा साधा लूप. ऑप्टिमायझर म्हणाला, अरे हे तर मेमसेट! आणि लूप काढून तिथे मेमसेटलाच हाक घातली. दोघं एकमेकांना 'तू कर, तू कर' म्हणत स्टॅक संपेपर्यंत गेले. नो-बिल्टिनचा पर्याय त्या फाइलला लावा.

चुलीवरची (८ ऑगस्ट, रात्री ११.०२)

आमच्या ऑफिसातही हेच चालतं.

(मिसळीचं कोणी सांगितलं नाही.)

आजोबा८०५१ (९ ऑगस्ट, सकाळी ६.१५)

मिसळ: व्यनि बघा. पाटकरी: सिम्युलेटर नसेल तर मला सांगा. आठ रजिस्टरच्या प्रोसेसरचा सिम्युलेटर मी दोन दिवसांत लिहितो. घरी रिकामाच असतो. सी चालेल का?

खटपट्या (९ ऑगस्ट, सकाळी ८.३०)

आजोबा सीमध्ये लिहिणार! धाग्याचं सार्थक झालं.

पाटकरी (२१ सप्टेंबर, रात्री १२.०५)

मंडळी, खूप दिवसांनी. अहवाल द्यायचा राहिला होता.

आजोबांनी दोन नाही, नऊ दिवस घेतले, पण सिम्युलेटर असा दिलाय की प्रत्येक सूचनेला फ्लॅग कोणी शेवटचा बदलला ते लिहून ठेवतो. त्यांना अंबडला नेऊन प्रोसेसर दाखवला तर मालकांशी दोन तास ईप्रॉमवरच बोलत बसले.

तुलना-उडीची खोटी सूचना झाली. कंपायलरने दिलेल्या असेंब्लीतली सहाही ठिकाणं गेली. शिफ्ट झाली, मग भागाकार खरंच कंपायलर-आरटीतून जसाच्या तसा आला. स्ट्रक्चर परत करणं ताईंनी सांगितलं तसं अर्ध्या दिवसात. इंटरप्टमध्ये मात्र आठवडा गेला. इंटरप्टचं फंक्शन दुसऱ्या फंक्शनला हाक मारत असेल तर ते दुसरं ज्या रजिस्टरांची पर्वा करत नाही तीही आपणच जपायची, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. शिवाय फ्लॅग. परत फ्लॅग!

फ्रेम पॉइंटर बऱ्याच फंक्शनांतून काढला, सातवं रजिस्टर मिळालं. मुख्य फंक्शनातले स्पिल ३१ वरून १४ वर आले. गोदाघाट, पाणी कमरेला.

डीबगची माहिती, इनलाइन असेंब्ली शिल्लक. लांबच्या उड्या चालतात, पण एका ठिकाणी सूचनेची लांबी एका शब्दाने कमी सांगितली होती. ताई, हसू नका. ओझरच्या वाऱ्याची नवी बेरीज पुढच्या पेट्यांत जाईल. द्वारकाजाम, त्यानंतरच्या पेटीत तुमचा रिस्क-५ टाकून बघायला मालक तयार झालेत.

सीस्मिथने पहिल्या रात्री पाच नव्या चुका काढल्या. वहीतल्या 'उरलेलं' खाली तेव्हा नऊ ओळी होत्या. आता अकरा आहेत.

सिन्नरची सून (२१ सप्टेंबर, सकाळी ९.१०)

अकरा म्हणजे चांगली प्रगती. माझी आज चाळीसची आहे.

बागाईतदार (२१ सप्टेंबर, सकाळी ९.४५)

सगळं छान झालं. माझा बारा नंबरचा व्हॉल्व्ह?

पाटकरी (२१ सप्टेंबर, सकाळी ९.५२)

दादा, गुरुवारी सकाळी येतो नवं फर्मवेअर घेऊन. पेटी खांबावर वरती आहे ना, शिडी मिळेल का तिथे?

बागाईतदार (२१ सप्टेंबर, सकाळी १०.०३)

शिडी आहे. जेवूनच जायचं.